रूट कॅनॉल पुन्हा करायचे, पण कोणाकडून?

प्रश्न : माझे वय ४६ असून मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहते. चार वर्षांपूर्वी घराजवळच्या दवाखान्यात माझ्या उजवीकडच्या वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचे रूट कॅनॉल झाले आणि वर कॅप बसवली. तीन वर्षे काहीच त्रास नव्हता. गेले आठ महिने त्या दाढेवरच्या हिरडीला मसुराच्या दाण्याएवढी पुटकुळी येते, फुटते, तोंडाला खारट चव येते आणि मग आठवडाभर सारे शांत होते. दाढ ठणकत नाही, पण त्या बाजूने चावताना तिची जाणीव होत राहते. आतापर्यंत तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. याच काळात उजवी नाकपुडी सतत चोंदलेली असते आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सायनसचे औषध सुरू केले आहे. दातांचे डॉक्टर म्हणतात, "री-आरसीटी (म्हणजे पुन्हा रूट कॅनॉल) करून बघू, नाहीतर काढून इम्प्लांट लावू." दुसऱ्या एका दवाखान्यात तर थेट इम्प्लांटचा खर्चच लिहून दिला. माझे दीर सांगतात की या कामासाठी वेगळे स्पेशालिस्ट असतात. ते शोधायचे कसे? पाट्या वाचल्या तर सगळेच रूट कॅनॉल स्पेशालिस्ट दिसतात.
एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : तुमच्या दिरांचे म्हणणे बरोबर आहे आणि पाट्यांबद्दलची तुमची शंकाही रास्त आहे. आपल्याकडे बीडीएस झालेल्या प्रत्येक दंतवैद्याला रूट कॅनॉल करता येते, आणि बहुतेक जण ते नीट करतातही; त्यामुळे पाटीवर 'स्पेशालिस्ट' लिहिलेले असले म्हणजे त्या विषयातले पदव्युत्तर शिक्षण झालेच आहे, असे समजता येत नाही. तुम्ही शोधायची पदवी म्हणजे एमडीएस, आणि तीही 'कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स' या विषयातली. बीडीएसनंतरचा हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. एमडीएसच्या एकूण नऊ शाखा आहेत. दातांना तारा बसवणारे, हिरड्यांवर उपचार करणारे, लहान मुलांचे दात पाहणारे असे सगळेच एमडीएस असतात, म्हणून पाटीवर एमडीएस दिसले तरी 'कोणत्या विषयात?' हा प्रश्न निःसंकोच विचारावा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय येथे व्यवसाय करता येत नाही, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यातही काही वावगे नाही. दवाखान्याच्या भिंतीवर चौकटीत लावलेली चार दिवसांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे मी कमी लेखत नाही; तशी माझ्याही भिंतीवर आहेत. पण ती पदवी नव्हे.

मात्र नाव शोधण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. पहिले रूट कॅनॉल का फसले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा कोणताही उपचार ठरवू नये, मग तो री-आरसीटी असो की इम्प्लांट. तुम्हाला भेटलेल्या दोन्ही दवाखान्यांनी काय करायचे ते सांगितले, पण का बिघडले ते कोणीच सांगितलेले दिसत नाही. योग्य तज्ज्ञाची माझ्या दृष्टीने पहिली खूण हीच की तो आधी कारणाच्या मागे लागतो.

कारणे थोडीच असतात. मुळाच्या आतली एखादी नलिका, म्हणजे नस असते ती बारीक पोकळी, सापडलीच नाही म्हणून राहून जाते. सापडलेली नलिका मुळाच्या टोकापर्यंत साफ होत नाही किंवा भरली जात नाही. कॅपच्या कडेखाली नवी कीड लागते आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत उतरतात. किंवा मुळालाच उभी चीर गेलेली असते. पहिल्या तिन्हींवर पुन्हा रूट कॅनॉल हा उपाय आहे. चौथ्यावर नाही, तेथे दाढ, निदान तिचे ते मूळ तरी, काढावेच लागते. चिरलेल्या मुळावर पुन्हा रूट कॅनॉल करणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही पाण्यात.

तुमच्या दाढेच्या बाबतीत पहिल्या कारणाचा संशय आधी घ्यावा लागेल. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात, पण नलिका बहुतेकदा चार असतात. गालाकडच्या पुढच्या मुळात दुसरी एक बारीक नलिका दडलेली असते, आणि साध्या एक्स-रेमध्ये ती पहिलीच्या मागे झाकली जात असल्यामुळे दिसत नाही. मायक्रोस्कोपखाली ही नलिका शोधताना जे दिसते ते मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवत असे : दाढेच्या पोटाच्या भिंती फिकट पिवळ्या असतात आणि तळ किंचित राखाडी, त्या तळावर नलिकांच्या तोंडांना जोडणाऱ्या पुसट रेघा असतात, आणि अल्ट्रासॉनिक टोकाने वरचा दंतिनाचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, कंगोरा हळूहळू खरवडला की त्याची पांढरी भुकटी नेमकी रेघेत जाऊन बसते. काळ्या पाटीवर खडूने ओढावी तशी ती रेघ उमटते आणि तिच्या शेवटी टाचणीच्या टोकाएवढे तोंड असते. नुसत्या डोळ्यांनी हे दिसणे फार अवघड. म्हणून ही नलिका राहून गेली असेल तर पहिल्या डॉक्टरांनी हलगर्जीपणाच केला, असा निष्कर्ष काढू नका.

आता पुटकुळीविषयी. ती म्हणजे मुळाच्या टोकाशी साचलेल्या पुवाने बाहेर पडण्यासाठी केलेली वाट. वाट मोकळी असल्यामुळे दाब वाढत नाही, म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस आठ महिने काढतो. अँटिबायोटिकने ती तात्पुरती बसते, पण रूट कॅनॉल झालेल्या दाढेच्या आत रक्तपुरवठा नसल्याने औषध तेथवर पोहोचतच नाही. चौथा कोर्स कोणी लिहून दिला तर ताप किंवा चेहऱ्यावर सूज नसताना तो कशासाठी, हे जरूर विचारा. पुटकुळीचा एक फायदा मात्र आहे. तिच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे नलिकेत भरतात त्याच रबरासारख्या पदार्थाची, पातळ काडी अलगद आत सरकवून एक्स-रे काढला की ती वाटेवरून जाऊन दोषी मुळाशी थांबते. दोन मिनिटांचे काम, जवळजवळ न दुखणारे. पुष्कळदा असे दिसते की पुटकुळी एका दाढेवर आणि दोष शेजारच्या दाढेचा. हे अजून केले नसेल तर ते आधी व्हायला हवे.

तुमच्या चोंदलेल्या नाकपुडीकडेही याच अंगाने पाहायला हवे. वरच्या मोठ्या दाढांची मुळे आणि गालामागची सायनसची पोकळी यांच्यात कित्येकांच्या बाबतीत हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो, आणि एकाच बाजूचा, औषधांना दाद न देणारा सायनसचा त्रास दाढेतून आलेला असू शकतो. तुमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाढेबद्दल आणि दातांच्या डॉक्टरांना नाकाबद्दल सांगितले आहे का? पत्रावरून तसे वाटत नाही. पुढच्या भेटीत सांगा.

या दोन्ही प्रश्नांसाठी बहुधा सीबीसीटी स्कॅन सांगितला जाईल. हा जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे असतो. रूट कॅनॉलसाठी तो संपूर्ण जबड्याचा काढण्याची गरज नसते; तीन-चार दातांच्या लहान भागाचा काढला की चित्र अधिक स्पष्ट येते आणि किरणांची मात्राही कमी राहते. तुमच्या बाबतीत सायनसचा तळ त्यात येईल एवढा भाग घ्यायला सांगावे. राहून गेलेली चौथी नलिका त्यात चांगली दिसते. मुळाची चीर मात्र नेहमीच दिसते असे नाही, कारण कॅपचा धातू आणि आतला गटापर्चा यांच्यामुळे चित्रात पट्टे उमटतात. चीर ओळखण्याची जुनी रीत अजून उपयोगाची आहे : हिरडीच्या कडेने मोजपट्टीची बारीक सळई फिरवायची आणि एकाच जागी ती अरुंद फटीत खोल उतरते का ते पाहायचे. तज्ज्ञाने स्कॅन पाहिला पण हिरडी तपासलीच नाही, तर तपासणी अर्धी राहिली असे समजा.

आता शोधायचे कोठे? ठाणे-नवी मुंबईत एक पद्धत फार रुळलेली आहे, ती रुग्णांना सहसा ठाऊक नसते. एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे वर सांगितलेल्या विषयातले एमडीएस, यांतले बरेच जण स्वतःचा दवाखाना सांभाळून किंवा न सांभाळता 'व्हिजिटिंग कन्सल्टंट' म्हणून अनेक दवाखान्यांत ठरावीक वारी जातात. तेव्हा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच अवघड कामांसाठी कोणी येत असतील, आणि "तुमच्याकडे एंडोडॉन्टिस्ट कोणत्या दिवशी येतात?" एवढ्या एका प्रश्नावर अर्धे काम होईल. पण येथे एक मेख आहे. पाहुणे तज्ज्ञ आपली बॅग घेऊन येतात, मायक्रोस्कोप घेऊन नव्हे. ते यंत्र जमिनीवर किंवा छताला बसवलेले असते. भिंगाच्या चष्म्यावर साधे रूट कॅनॉल उत्तम होते, पण राहून गेलेली नलिका शोधायची असेल तर मायक्रोस्कोप असलेल्या जागी जाणे मी पसंत करीन. म्हणून त्याच तज्ज्ञांना, "हे काम तुमच्या स्वतःच्या दवाखान्यात करता येईल का?" असे विचारावे. यात कोणाचा अपमान होत नाही.

फोनवर वेळ घेताना आणखी दोन गोष्टी विचारा : पहिल्या भेटीत केवळ तपासणी करून मत देतात का, आणि रबर डॅम लावतात का. रबर डॅम म्हणजे फक्त ती एक दाढ बाहेर ठेवून बाकीचे तोंड झाकणारा हिरवा किंवा निळा रबरी पडदा. नलिका धुण्यासाठी जे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात ते घशात जाऊ नये आणि लाळ दाढेत जाऊ नये, अशी दुहेरी सोय त्याने होते. जंतुसंसर्ग काढण्यासाठीच ज्या दाढेत पुन्हा शिरायचे, तेथे लाळ जाऊ देणे मला तरी समजत नाही. 'शंभर टक्के गॅरंटी' देणाऱ्यांपासून दोन हात दूर राहा. पुन्हा केलेल्या रूट कॅनॉलच्या अभ्यासांत साधारणतः चारांतल्या तीन दाढा बऱ्या होतात असे दिसते. मुळाशी हाड बरेच झिजले असेल तर प्रमाण कमी होते. हा हिशेब जो स्वतःहून सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

खर्चाची अडचण असेल, किंवा निःपक्ष मत हवे असेल, तर दंत महाविद्यालयांचा रस्ता धरा. नवी मुंबईत ती भरपूर आहेत : नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एमजीएम, खारघरला वाय. एम. टी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ गाडी न बदलता गाठता येते. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. सकाळी जाऊन केसपेपर काढावा आणि कॉन्झर्व्हेटिव्ह विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे पाठवण्याची विनंती करावी. काम विद्यार्थी करतो, पण प्रत्येक टप्प्यावर प्राध्यापकांची नजर असते, आणि एका दाढेवर तास-दीड तास घालवायला त्याला घाई नसते. तुम्हाला मात्र सवड हवी. फेऱ्या जास्त होतात आणि मध्ये परीक्षा आली की तारीख पुढे जाते.

कोठेही जाताना जुने एक्स-रे बरोबर न्या. पहिल्या डॉक्टरांकडे चार वर्षांपूर्वीचे, म्हणजे उपचाराआधीचे आणि नंतरचे, आरव्हीजी (दातांचे डिजिटल एक्स-रे) असतील; ते संगणकावर असल्यास मोबाइलवर पाठवायला सांगा. हे मागताना अवघडल्यासारखे होते, हे मी जाणतो. "डॉक्टरांना काय वाटेल?" या एका विचाराने कित्येक जण रिकाम्या हाताने येतात. महाविद्यालयात असताना कळव्याहून आलेल्या एका आजींनी लग्नपत्रिकेच्या पाकिटात जपून ठेवलेला सहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे काढून दिला होता. त्यांना दोन ठिकाणी री-आरसीटी सांगितली होती, कारण मुळाशी काळा डाग दिसत होता. जुन्या चित्रात तोच डाग दुप्पट मोठा होता. म्हणजे हाड भरत आले होते, दाढ बरी होत होती. आम्ही काहीच केले नाही. तुमच्याकडे पुटकुळी आहे, त्यामुळे तुमचे तसे नाही, पण तुलनेशिवाय डागाला अर्थ नसतो.

उपचार ठरला तर साधारण क्रम असा राहील : कॅप कापून काढावी लागेल किंवा तिला भोक पाडावे लागेल, जुना गटापर्चा उष्णतेने वा द्रावकाने मऊ करून उपसला जाईल, नलिका धुऊन बहुधा दोन-तीन आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध आत ठेवले जाईल, आणि पुटकुळी बुजली की कायमचे भरले जाईल. पुटकुळी बुजली नाही तर तेथेच थांबून पुन्हा विचार करावा लागतो. त्यानंतर मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया हा एक पर्याय उरतो. तुमच्या दाढेत सायनस जवळ असल्याने तो निर्णय जपून घ्यावा लागेल. नवी कॅप लगेच बसवून घ्या. ती तुमच्या पहिल्या डॉक्टरांकडून बसवली तरी उत्तम, संबंधही राहतात. खर्च पहिल्यापेक्षा जास्त येईल आणि नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे असे उपचार सहसा बसत नाहीत. त्यामुळे स्कॅन, री-आरसीटी, आतले भरण आणि कॅप असा चार ओळींचा अंदाज आधीच लिहून घ्या. एक्स-रेत हाड भरलेले दिसायला सहा महिने ते वर्ष लागते, कधी त्याहून अधिक.

इम्प्लांट वाईट नव्हे. पण तुमच्या जागी सायनसचा तळ खाली आलेला असेल तर तेथे हाड वाढवण्याचे वेगळे काम करावे लागू शकते, ते त्या लिहून दिलेल्या खर्चात धरले आहे का, हे पाहा. इम्प्लांट सहा महिन्यांनीही करता येते. काढलेली दाढ परत मिळत नाही.

प्रश्न : ऐरोलीत एका डॉक्टरांकडे माझ्या खालच्या दाढेचे रूट कॅनॉल सुरू असताना आत सुई तुटली. त्यांनी तेथेच एक्स-रे दाखवून तसे सांगितले आणि एंडोडॉन्टिस्टकडे जायला चिठ्ठी दिली. घरचे म्हणतात, ग्राहक मंचात जा. तुकडा आत राहिला तर विष पसरेल का?
एक वाचक, ऐरोली

उत्तर : विष पसरणार नाही. तुटलेली 'सुई' म्हणजे निकेल-टायटॅनियमची फाइल. वाकड्या नलिकेत फिरताना धातू थकतो आणि सराईत हातातही ती तुटते. आजवर एकही फाइल तुटली नाही असे सांगणाऱ्याने बहुधा फार दाढा केलेल्या नसतात. धातू निरुपद्रवी असतो. प्रश्न असतो तो तुकड्याच्या पलीकडे साफ न झालेल्या भागाचा. नस जिवंत असताना काम सुरू झाले असेल तर धोका कमी. आधीच पू झालेला असेल तर जास्त. तज्ज्ञ मायक्रोस्कोपखाली तुकड्याच्या बाजूने वाट काढतील किंवा तो अल्ट्रासॉनिकने सैल करून काढतील. तुकडा खोल असेल आणि काढण्यासाठी मुळाची भिंत फार खरवडावी लागणार असेल, तर तो तेथेच ठेवून वरचा भाग भरणे आणि सहा महिन्यांनी एक्स-रे पाहणे अधिक शहाणपणाचे. 'काढलाच पाहिजे' असा हट्ट तुम्ही धरू नका. त्या हट्टापायी भोके पडलेली मुळे मी पाहिली आहेत. तुमच्या डॉक्टरांनी लपवले नाही, एक्स-रे दाखवला, चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीत फाइलचा आकार आणि ती कोणत्या नलिकेत आहे एवढे लिहून घ्या, पुढच्या माणसाचे काम सोपे होईल.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. हाडांच्या ठिसूळपणासाठी त्यांना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाइन देतात. खालच्या एका दाताचे जुने रूट कॅनॉल बिघडले आहे. "या वयात कशाला पुन्हा उपद्व्याप, काढून टाका," असे दोन ठिकाणी सांगितले. खारघरमध्ये कोणाला दाखवावे?
एक वाचक, खारघर

उत्तर : त्या दोन्ही ठिकाणी सलाइनबद्दल सांगितले होते का? हे औषध हाडाची झीज थांबवते, पण त्यामुळे दात काढल्यावर जबड्याची जखम क्वचित भरत नाही आणि हाड उघडे पडते. ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत हा धोका थोडाच असतो, तरी तो असल्यामुळे दात वाचवता येत असेल तर वाचवणे येथे अधिक योग्य. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत री-आरसीटी हाच कमी उपद्व्यापाचा मार्ग आहे. वय आड येत नाही. तास-दीड तास तोंड उघडे ठेवणे जमले पाहिजे, आणि ते जमत नसेल तर काम दोन बैठकांत विभागता येते. वर सांगितलेल्या महाविद्यालयांपैकी एक तुमच्याच उपनगरात आहे. तेथे एंडोडॉन्टिक्सबरोबर मुखशल्यचिकित्सा विभागाचे मतही एकाच आवारात मिळेल, म्हणून तुम्हाला खासगी दवाखान्याआधी तेथे जाण्याचा सल्ला देईन.

हाडांचे औषध आपल्या मनाने थांबवू नका. पुढे कधी त्यांना सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब सुरू झाले तर विशेष लक्षात ठेवा, कारण त्याची तारीख चुकली की हाडांची घनता वेगाने घसरते आणि मणके मोडू शकतात. दातांच्या डॉक्टरांनी काही बदल सुचवला तर हाडांच्या डॉक्टरांशी त्यांचे थेट बोलणे होऊ द्या. दात पुन्हा भरण्याच्या पलीकडे गेला असेल, तरी काढणे हा एकच मार्ग उरत नाही. वरचा भाग हिरडीलगत कापून, मूळ आतून साफ करून आणि बंद करून जागीच ठेवता येते. भेटीची वेळ घेताना फोनवरच सलाइनचे नाव सांगा आणि शेवटचे सलाइन ज्या तारखेला दिले ती नोंद असलेली फाइल बरोबर ठेवा.